परसाकडची वाट

भाषाविज्ञानाच्या तासाला अर्थपरिवर्तन शिकवायचे असले की आमची उदाहरणे ठरलेली असतात. 'मृग' म्हणजे कोणताही पशू; पुढे तो फक्त हरीण झाला. 'तेल' म्हणजे तिळाचे ते. पुढे ते करडईचे, शेंगदाण्याचे आणि खोबऱ्याचेही झाले. एक फार चांगले उदाहरण मात्र आम्ही सारे टाळतो. ते म्हणजे 'शौच'. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना हा शब्द येतो. योगसूत्रांतल्या पाच नियमांत तो पहिला आहे. शुचि असणे ते शौच. आज त्याच शब्दाने आपण नेमकी ती गोष्ट सांगतो जी उरकल्यावर शुचि व्हावे लागते. 'लघुशंका' हा असाच एक नमुना. तिच्यात शंका कोणती आणि कोणाला, हे मला आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेले नाही. विचारले असते तर वर्ग हसला असता आणि मीही विषय बदलला असता.

ह्या एका शरीरधर्मासाठी मराठीने किती आडवाटा काढल्या आहेत! परसाकडे जाणे, बहिर्दिशेला जाणे, झाड्याला जाणे. ह्यांतले दोन शब्द क्रियेचे नावच घेत नाहीत, केवळ माणूस कोणीकडे गेला ते सांगतात. आणि गंमत अशी, की एरवी साध्या बसथांब्यालाही संस्कृत वस्त्रे नेसवणाऱ्या सरकारी मराठीने ह्या एका बाबतीत अस्सल गावरान शब्द पत्करला. 'हागणदारीमुक्त गाव' ही पाटी ग्रामपंचायतीच्या कमानीवर झळकली आणि त्यावर कोणाची भुवई उंचावली नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून, म्हणजे २०००-०१ पासून, हा शब्द गावोगाव रुळला, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली तेव्हा तो विधानभवनापर्यंत पोहोचला होता.

पण मला बोलायचे आहे ते ह्याहून फार लहान अशा एका शब्दाबद्दल. 'शी'.

मूल पहिल्या दहापंधरा शब्दांत हा शब्द शिकते. मोठ्यांच्या भाषेत तो केवलप्रयोगी अव्यय आहे, किळस दाखवणारा. मुलाच्या भाषेत ते नाम आहे, एका वस्तूचे साधे नाव. आमची मुलगी दीड वर्षाची असताना दुपट्यावरच्या आपल्याच उद्योगाकडे बोट दाखवून 'शी' म्हणाली, तेव्हा तिच्या स्वरात चिमणी म्हणताना असे तेवढेच कुतूहल होते. दोनतीन महिन्यांनी ती तोच शब्द नाक मुरडून म्हणू लागली. घरातल्या, शेजारच्या, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनी मिळून नामाचे अव्यय करून टाकले होते. आपल्या शरीरातून आलेली गोष्ट किळसवाणी आहे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. ते तिने आमच्या चेहऱ्यांवरून वाचले होते.

निमगाव साव्याला आम्ही राहतो ते मळ्यात. जुन्नर तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग एकेकाळी कोरडवाहू होता. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. माणसे गावठाण सोडून आपापल्या रानात वस्ती करून राहू लागली. आमचे घरही असेच उसाच्या दोन फडांच्या मध्ये आहे. संडास अंगणाच्या टोकाला, घरापासून वीसपंचवीस पावलांवर. सासऱ्यांनी तो बांधला तेव्हा तो घराला चिकटून नसावा ह्याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती. मी इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवते. चाळिशीत मूल झाले म्हणजे सल्ले देणाऱ्यांची संख्या दुप्पट होते आणि त्यांतले निम्मे तुमच्याहून वयाने लहान असतात, एवढे अनुभवाने सांगते.

मुलगी सव्वादोन वर्षांची झाली आणि जून जवळ दिसू लागला. ज्या बालवर्गात तिला घालायचे होते तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो नावाचा किंवा वयाचा नव्हता. "ट्रेन्ड आहे ना?" मला वाटले, इंग्रजी कवितेबद्दल विचारताहेत. मग उलगडा झाला, की जूनपर्यंत तिला सांगता यायला हवे, बसता यायला हवे, आणि नाही आले तर दिवाळीनंतर बघू. माझी रजा संपली होती, आत्याबाईंचे गुडघे सत्तरीला आले होते. (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, नात्याने त्या कोणाच्या आत्या असोत वा नसोत.)

ह्या विषयावर ज्याला वाङ्मय म्हणावे असे मराठीत फारसे काही माझ्या वाचनात नाही. अंगाई आहे, बोबडे बोल आहेत, रांगणारा कृष्ण तर अमाप आहे. पण त्या कृष्णाची दुपटी कोणी धुतली ह्यावर कवी गप्प. स्वच्छतेचा प्रसंग आला तरी आपले लेखक शरीरावरून मनावर फार लवकर उडी घेतात. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मधला न्हाऊन झाल्यावर पायांना घाण लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामचा प्रसंग आपण सर्वांनी शिकवला आहे. तिथेही पायाची घाण हे निमित्त. आई बोलते ती मनाबद्दल. प्रसंग थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पाय पायच राहिला असता तर काय बिघडले असते, असे आता मुलगी मोठी करताना वाटते.

एम. ए.च्या वर्गात फ्रॉइड आम्ही हौसेने शिकवतो. १९०८ च्या त्याच्या निबंधात नीटनेटकेपणा, कंजूषपणा आणि हट्ट ह्या तीन गुणांचा उगम त्याने बालपणीच्या मलविसर्जनाशी नेऊन भिडवला. एखाद्या कादंबरीतला कवडीचुंबक सावकार समजावून सांगायला हे फार उपयोगी पडते. घरी संध्याकाळी साडेसहाला, एक मूल पाय आपटत 'नाई' म्हणत असताना, त्याचा काही उपयोग होत नाही.

उपयोग झाला तो आत्याबाईंचा. त्यांची रीत जुनीच होती. भिंतीला पाठ टेकवून पाय पसरून बसायचे, पावले किंचित फाकवायची, मुलाला त्या दोन पावलांवर बसवायचे आणि तोंडाने 'शूऽऽ' असा बारीक आवाज काढायचा. बाळ तीनचार महिन्यांचे झाले की हे सुरू. दूध पिऊन झाले की पायावर, झोपून उठले की पायावर. बाळाने केले तर केले, नाही केले तर उचलून झोळीत. आत्याबाईंच्या सगळ्या लेकरांना असेच 'पायावर धरले' होते, आणि त्यांतले कोणी कवडीचुंबक निघाले नाही.

मला ही रीत आपली, घरगुती, थोडी अडाणी वाटत असे. पुढे वाचनात आले, की पूर्व आफ्रिकेतल्या डिगो लोकांत नेमके हेच करतात. डीव्हरीस पतिपत्नींनी १९७७ साली त्यावर लेख लिहिला. डिगो आया पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात करतात; आईच्या पायांचा आधार, तोंडाने तसाच आवाज, आणि पाचसहा महिन्यांच्या बाळाला बऱ्यापैकी जमू लागते. ह्याच्या अगदी उलट मत अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन ह्यांचे. त्यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी मांडून सांगितले, की घाई करू नका; दीड वर्षानंतर मूल स्वतः तयारीची चिन्हे दाखवते, त्याच्या मागून चाला. त्यांच्या मुलांना दिवसा पूर्ण जमायला सरासरी अठ्ठावीस महिने लागले. पाश्चात्य जगात पुढे हेच मत प्रमाण झाले. कपडे धुण्याच्या कष्टांतून सोडवणारे फेकायचे डायपरही त्याच सुमारास बाजारात आले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

म्हणजे एक म्हणतो तिसऱ्या आठवड्यात, दुसरा म्हणतो तिसऱ्या वर्षात. प्राध्यापकी स्वभावाप्रमाणे मी दोन्ही पक्षांची टिपणे काढली. आत्याबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारले, "दोघं बी लेकराला मारीत नव्हते ना?" नव्हते. "मग झालं तर." दोन परस्परविरोधी सिद्धान्तांतले समान सूत्र इतक्या थोडक्यात काढलेले मी कुठल्या चर्चासत्रात ऐकलेले नाही.

फेब्रुवारीअखेरपर्यंत सगळे सुरळीत चालले होते. मुलगी आता पायावर मावत नव्हती, म्हणून अंगणातल्या पेरूखाली वर्तमानपत्राच्या कागदावर बसत होती आणि झाले की मोठ्याने जाहीर करत होती. मोठ्यांच्या संडासातले भांडे तिला मानवत नव्हते. त्यावर बसायचे तर दोन पाय इतके फाकवावे लागत की ती पडेल असे आम्हालाच वाटे. हागणदारीमुक्तीच्या साऱ्या मोहिमेत हे भांडे मोठ्या माणसाच्या मापाचे आहे ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवली नाही. लहान मुलाच्या शीने काही होत नाही, असा समज आहे म्हणून ते चालून जाते. खरे तर जंतू तिच्यातही असतात, आणि पुष्कळ असतात.

मग ऊसतोड सुरू झाली आणि शेजारच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडली.

बाहेरच्या वाचकाला हे नाट्यमय वाटेल. इथे ते दरवर्षीचे आहे. बिबट्यासाठी ऊस म्हणजे दाट जंगलच. मादी तिथे वीते, तोड आली की पिल्ले उघडी पडतात, वनखाते येते, पिल्ले रात्री त्याच जागी ठेवून आई परत घेऊन जाण्याची वाट पाहते. जुन्नर परिसरात २००१ ते २००३ ह्या काळात माणसांवरचे हल्ले फार वाढले होते. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने पुढे आले. माणिकडोहचे निवारा केंद्र तर सर्वांना ठाऊक आहे. आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड आणि जांबुत भागात तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्ध बाई गेली, तेव्हा इथल्या आयांनी मुलांना दिवसाही नजरेआड होऊ दिले नाही. बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतो. उघड्यावर बसू नका, अंधारात मुलाला एकटे पाठवू नका, असे वनखात्याची माणसे सांगतात ते ह्यासाठी.

पिल्ले सापडली त्या संध्याकाळी वस्तीवरच्या एका आजींनी आमच्या मुलीला पेरूखाली बसलेली पाहून सहज म्हटले, "आटप गं बाय लवकर, न्हाय तर बिबट्या यील." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांनी आपल्या नातवंडांनाही असेच म्हटले असणार. मुलगी उठून उभी राहिली, अर्धवटच. आणि त्या दिवसापासून तिने बसणेच बंद केले.

पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात उभी राहून पाय एकमेकांवर आवळू लागली, चेहरा लाल, ओठ घट्ट मिटलेले. जोर करते आहे असे वाटे. ती अडवत होती. चौथ्या दिवशी पोट फुगले, ती जेवेना. पाचव्या दिवशी आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी कागदावर एक वर्तुळ काढले. भीतीने मूल अडवते. अडवले की मळ आतच राहतो, त्यातले पाणी शोषले जाते, तो कडक होतो. कडक झाला की दुखते. दुखले की मूल आणखी अडवते. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते, आणि ते रागावून तुटत नाही. मळ मऊ राहील असे औषध त्यांनी दिले आणि ते बरे वाटले म्हणून लगेच थांबवू नका असे बजावले. पाणी, फळे, पालेभाजी. काही आठवडे 'शिकवणे' पूर्ण बंद. तिला हवे तर लंगोट बांधा. त्यानंतर जेवण झाले की पाचदहा मिनिटे बसवायचे, कारण पोटात अन्न गेले की आतडे आपोआप हलते. पाय टेकलेले हवेत, लोंबकळते नकोत. झाले तर शाबासकी, पण वाजतगाजत नाही. "फार टाळ्या पिटल्या," ते म्हणाले, "तर ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी तिला आपण हरलो असं वाटेल." जूनचे विचारले तेव्हा त्यांनी जूनला उत्तर दिले नाही, मुलीच्या गालाला हात लावला.

एवढे सगळे समजले, पण एक गाठ सुटत नव्हती. बागुलबुवा असता तर सोपे होते. बागुलबुवा नसतो, असे मुलाला सांगता येते. ते खरेही असते. बिबट्या असतो. तो आमच्या उसात होता, त्याची पिल्ले सगळ्यांनी पाहिली होती, मुलीनेही पाहिली होती. 'काही नाही, येत नाही' असे म्हणणे म्हणजे तिच्याशी खोटे बोलणे, आणि ह्या भागात तसले खोटे जिवावर बेतू शकते. सावध तर राहायला हवे, पण सावधपणाचा भार तिच्या पोटावर नको. मुलांना धीर द्या, असे सगळी पुस्तके सांगतात. जिथे भीती खरी आहे तिथे धीर कसा द्यायचा, ह्यावर मला एकाही पुस्तकात चार ओळी सापडल्या नाहीत.

उत्तर काढले ते आत्याबाईंनी. त्यांनी प्लास्टिकचे पिवळे पॉट आणायला लावले आणि ते मोरीत ठेवले.

हे वाक्य वाचायला साधे आहे. आमची मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. तिच्या भिंतीपलीकडे देवघर. ज्या घरात संडास वीसपंचवीस पावले दूर बांधला गेला, जिथे तिकडे जाऊन आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, त्या घरात सत्तरीच्या बाईने ती वस्तू चुलीपासून चार हातांवर आणून ठेवली. नणंद बोललीच, "देवाच्या भिंतीला?" आत्याबाई म्हणाल्या, "देवाला लेकरं न्हाईत का?" आणि पॉटखाली जुन्या पोत्याची घडी सरकवली, गार लागू नये म्हणून.

बिबट्या मोरीत येत नाही. हे खरे होते, आणि मुलीला पटण्यासारखे होते.

बाकीचे सगळे आम्हा मोठ्यांचे काम. नवऱ्याने अंगणात दिवा लावला, संडासापर्यंतचे गवत कापून काढले, कोंबड्यांचे खुराडे जाळीने बंद केले. पॉट रिकामे करण्याचे कामही त्याने पहिल्या दिवसापासून आपल्याकडे घेतले. हे मी कौतुकासाठी लिहीत नाही. पण शेजारच्या पारनेरात सेनापती बापटांनी हाती झाडू घेऊन गाव झाडले, ह्याचा अभिमान वक्तृत्वस्पर्धांत मिरवणाऱ्या ह्या भागात पुरुषाने आपल्या मुलीचे पॉट धुतले ही बातमी दूधडेअरीपर्यंत पोहोचली, एवढे नोंदवणे भाग आहे.

ह्या काळात मी अनुताई वाघांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' पुन्हा काढले. ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी आधी बोर्डीला, मग १९५७ पासून कोसबाडला काम केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली पाहिजे, ह्या विचारातून 'अंगणवाडी' हा शब्द जन्मला. १९७५ साली सरकारी योजना आली तेव्हा तो शब्द देशभर गेला. आमच्या अभ्यासक्रमात हे पुस्तक आत्मचरित्र म्हणून, समाजकार्याचे वाङ्मय म्हणून येते. मला आता त्यात दुसरेच दिसले. ज्या मुलांना शिकवायचे त्यांना आधी न्हाऊ घालावे लागते, नाक पुसावे लागते, आणि हे सारे 'शी' न म्हणता करावे लागते. शिक्षणाची ती पूर्वतयारी नसते. शिक्षण तिथेच सुरू झालेले असते.

दोन आठवडे पिवळ्या पॉटवर मुलगी बसली नाही. तिने त्यात आधी बाहुली बसवली, मग आजीचा पानाचा डबा. कोणी काही बोलले नाही. संध्याकाळी जेवण झाले की आत्याबाई मोरीच्या कठड्याला टेकून पाय पसरून बसत आणि स्वतःशीच जात्यावरचे काहीतरी गुणगुणत. तिला बोलावत नसत. एके दिवशी ती येऊन त्यांच्या पसरलेल्या पायांच्या मध्ये उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पॉट ओढत आणून तिथेच ठेवले, त्यांच्या दोन पावलांच्या मधोमध, आणि कपड्यांसकट बसली. कपड्यांशिवाय बसायला आणखी चार दिवस गेले. मग एकदा झाले. आम्ही सारे श्वास रोखून. आत्याबाईंनी वाकून पाहिले, "झालं व्हय? बरं," म्हणाल्या आणि गुणगुणणे पुढे चालू ठेवले.

औषध पुढे तीन महिने चालले. मधे दोनदा ती पुन्हा अडवू लागली, एकदा पाहुण्यांच्या गर्दीत, एकदा तापात. तेव्हाही लंगोट बांधला, पुन्हा वाट पाहिली. जूनचा बालवर्ग चुकला. त्या बाईंनी दिवाळीनंतर जागा ठेवली. नसती ठेवली तरी चालले असते, कारण तोवर आत्याबाई तिला घरीच वीसपर्यंत आकडे म्हणायला शिकवत होत्या, त्यात सतरा नव्हते. रात्रीचे अंथरूण अजून अधूनमधून ओले होते. त्याला पाचव्या वर्षापर्यंत मुदत आहे असे डॉक्टर म्हणतात, आणि आम्हाला ती पुरेशी वाटते.

आता ती तीन वर्षांची आहे. 'शी' हा शब्द तिच्या बोलण्यात पुन्हा नाम म्हणून आला आहे, नाक न मुरडता. अव्यय म्हणून तो फक्त दोडक्याच्या भाजीसाठी वापरला जातो. अंधार पडल्यावर आत्याबाईंना अंगणाच्या टोकाला जायचे असले की ती हट्टाने बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर निघते. मागून काठी घेऊन मी. दाराशी पोहोचले की ती बॅटरीचा झोत उसाकडे वळवते, दोन्ही पाय रोवून उभी राहते आणि आतल्या आजीला सांगते, "तू बस सावकाश. घाई न्हाय."